फोटोतला माणूस कुठला?

छायाचित्रांच्या प्रदर्शनात आलेला सोलापूरकर आधी माणसाची चौकशी करतो, छायाप्रकाशाची नंतर. हे कोण? कुठलं गाव? सोबतचा पुढे गेला असेल तर त्याला हाक जाते, ‘इकडं ये की, हे बघ,’ आणि मग दोघे मिळून शोध घेऊ लागतात. कलादालनात सरावलेल्यांना ही रीत कच्ची वाटते. पण समोर उभे होते ते कोण, हे कळावे यासाठीच तर बहुतेक माणसांनी फोटो काढून घेतले आणि जपले.

ही नजर घरात घडते. जुन्या चाळींतून, विणकरांच्या घरांतून फोटो उंच, छताजवळ, दोरीने पुढे झुकवून टांगलेले असतात. हार घातलेला फोटो गेलेल्या माणसाचा, एवढे लहान मुलालाही कळते. प्रदर्शनात तोच फोटो खाली, डोळ्यांच्या पातळीवर येतो आणि बोट आपोआप काचेकडे जाते.

वारीच्या छायाचित्रांपुढे हे नीट दिसते. पंढरपूर सोलापुरापासून सुमारे ७० किलोमीटरवर. आषाढीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या याच जिल्ह्यातून शेवटचे मुक्काम करत जातात. उद्धव ठाकरे यांनी ‘पहावा विठ्ठल’ या पुस्तकासाठी वारी हवेतून टिपली, छायाचित्रकार संदेश भंडारे यांनी ती वारकऱ्यांमध्ये राहून टिपली. हवाई चित्रापुढे माणसे वाळवंट आणि घाट शोधतात, आपली दिंडी कुठे उतरते ते एकमेकांना दाखवतात. जमिनीवरून घेतलेल्या चित्रापुढे मात्र आवाज खाली येतो. डोक्यावर तुळस घेतलेल्या म्हातारीच्या फोटोपाशी बाया सर्वांत जास्त थांबतात. बोट चेहऱ्यावर जात नाही. ते कपाळावरच्या गोंदणावर, मग लुगड्याच्या काठावर जाते. हा काठ इरकली, म्हणजे बाई आपल्याकडची. ज्या शहराने पिढ्यान्‌पिढ्या मागावर काढल्या, तिथे वस्त्र असे वाचले जाते. कोणत्याही समीक्षेइतकेच हे वाचन काटेकोर असते.

१९५५मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेले ‘द फॅमिली ऑफ मॅन’ हे प्रदर्शन १९५६मध्ये मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत आले होते. ६८ देशांतली, २७३ छायाचित्रकारांची ५०३ चित्रे. चित्राखाली छायाचित्रकाराचे नाव आणि देश. फोटोतल्या माणसाचे नाव सहसा नाहीच. सगळी माणसे एक कुटुंब, हे सांगायचे होते, आणि त्या कुटुंबातल्या बहुतेकांना नाव नव्हते.

ती सवय अजून गेलेली नाही. तुळस घेतलेल्या म्हातारीखाली ‘श्रद्धा’ लिहितात, खडी फोडणाऱ्या बाईखाली ‘कष्ट’. तिचे नाव, गाव, साल विचारायला दोन मिनिटे पुरली असती. ते न विचारता तिला भिंतीवर टांगणे हा तिचा अपमानच आहे, आणि काठावर बोट ठेवून तिला शोधणाऱ्या बाईचाही.

पत्रकार पी. साईनाथ यांनी ग्रामीण स्त्रियांच्या श्रमावर केलेल्या प्रदर्शनाची वाट वेगळी आहे. १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत काढलेली ही छायाचित्रे कलादालनापुरती न ठेवता गावांत, कारखान्यांत, महाविद्यालयांत नेली गेली, आणि सोबतच्या मजकुरात ते काम कसे चालते ते लिहिलेले होते. हेच काम करणारी बाई असे चित्र पाहते तेव्हा ‘कोण’ या प्रश्नाचे उत्तर तिला आपल्याच पाठीत सापडते. दिवसभर खाली मान घालून विड्या वळणाऱ्या सोलापूरच्या बाईला वाकलेल्या पाठीचा फोटो समजावून सांगावा लागणार नाही.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या सोलापुरातल्या घराचे आता स्मारक झाले आहे. तिथल्या फोटोंतल्या माणसाचे नाव आत येण्याआधीच ठाऊक असते, म्हणून प्रश्न बदलतो. १९१०मध्ये याच शहरात जन्मलेला आणि १९३८मध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेलेला हा माणूस तिथल्या सैनिकी गणवेशात ओळखू येतो का, हे लोक निरखून पाहतात. कपाळ, नाक, हसणे यांत आपल्याकडचे काही शोधतात. पत्नी ग्वो चिंगलान आणि तान्हा इनहुआ यांच्यासोबतच्या फोटोत मात्र सगळ्यांचे लक्ष बाळाकडे जाते. ‘ह्याचं पुढं काय झालं?’ बाप गेला ९ डिसेंबर १९४२ला, तेव्हा बाळ काही महिन्यांचे होते. ते वाढले, वैद्यकीय शिक्षण घेऊ लागले आणि ते पुरे होण्याआधीच विशीत वारले. आई २०१२पर्यंत जगली आणि त्याआधी अनेकदा भारतात येऊन कोटणीस कुटुंबाला भेटून गेली.