तांबडं काळं होण्याची वेळ

साध्या दुर्बिणीतून पाहिलेलं दृश्य नुसत्या डोळ्यांना दिसतं त्याहून उजळ कधीच असत नाही. ते मोठं दिसतं, इतकंच. (चांदण्यांची गोष्ट वेगळी, त्या बिंदू असतात.) जबलपुरात पस्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवताना हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहीत असे आणि दरवर्षी वर्गातलं कुणीतरी म्हणे, “मॅडम, पण मला तर उजळ दिसलं.” मोठं दिसलं की ओळखू येतं, आणि ओळखू आलं की उजळ वाटतं. डोळ्यांपेक्षा मन जास्त फसतं.

हे सगळं पुन्हा निघालं ते माझ्या भाच्यामुळे. तो मिशिगनमध्ये असतो, वय एक्केचाळीस. तिथे हरणाची शिकार कायदेशीर आहे, परवाना मिळतो, क्रॉसबोही चालतो. क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारखा दस्ता असलेलं आडवं धनुष्य. त्याचा बाण आखूड असतो, त्याला बोल्ट म्हणतात. त्याने विचारलं, “आत्या, संध्याकाळच्या उजेडात चालेल असा स्कोप कुठला घेऊ? पन्नास मिलीमीटरचा चांगला का?”

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यात नुसता मारण्याचा प्रयत्नसुद्धा शिकारीत मोडतो, सापळा लावणं, आमिष ठेवणंही. डुमनाच्या जंगलात चितळं बघायला जाणारी मी, मला हा प्रश्न आवडला नाही. पण मी मटण खाते. आणि तो माझं ऐकून घरी बसणार नव्हता. तेव्हा उत्तर नीट द्यावं, हे बरं.

पन्नास मिलीमीटर हा आकडा दुकानात छान दिसतो. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले वर्धन, म्हणजे डोळ्याकडून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी. ३२ मिलीमीटरचं भिंग चारपट वर्धनावर ठेवलं तर झोत ८ मिलीमीटरचा. अंधारात तरुण माणसाची बाहुली फार तर ७ मिलीमीटर उघडते, चाळिशीत सहाच्या आसपास, माझ्यासारखीची पाच. उरलेला उजेड बुबुळावर सांडतो आणि फुकट जातो. क्रॉसबोने नेम धरायचा तो तीस-चाळीस यार्डांवर, तिथे चारपटीहून जास्त वर्धन लागतच नाही. मग पन्नासचं भिंग म्हणजे नुसतं वजन. पैसे घालायचे तर काचेवरच्या लेपात घालावेत. बिनलेपाच्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत पाठवतो. असे दहा पृष्ठभाग झाले की तिसरा हिस्सा वाटेतच गेला. आतली तांबडी उजळणारी रेघ हवी असेल तर अगदी मंद होणारी घे, म्हटलं. भडक असली की बाहुली आकसते आणि सगळी कमाई तिथेच बुडते.

तो खूश झाला. मला मात्र मुख्य गोष्ट अजून सांगायची होती.

माझे वडील, म्हणजे त्याचे आजोबा, साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत परवान्यावर शिकार करत. दुनळी बंदूक, नळीला बांधलेली टॉर्च, बाकी काही नाही. एकदा कुंडमच्या पुढे दिवस मावळल्यावर त्यांनी सांबरावर बार टाकला. लागला, पण सांबर पळालं. रक्ताचा माग काढायला ते उतरले, तर सागाच्या पाचोळ्यावर रक्त दिसेचना. रक्त होतं, पण तांबडं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पानांवर ते लख्ख दिसलं, रात्री त्यांनी त्यावरूनच पाय टाकला होता. सांबर सापडलं नाही. दोन दिवस त्यांनी शोधलं. त्यानंतर बंदूक कपाटात गेली ती गेलीच. कायदा आला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. आमच्या आईने हे कधी कौतुकाने सांगितलं नाही, ती एवढंच म्हणे, “त्या जनावराला त्याचा काय उपयोग?”

त्या रात्री जे झालं त्याला पुर्किंजे परिणाम म्हणतात. उजेड कमी झाला की डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी थकतात आणि दंडपेशी काम हाती घेतात. त्यांना तांबड्याची जाण जवळजवळ नसते. म्हणून संध्याकाळी निळं-हिरवं थोडा वेळ तरतं आणि जास्वंद आधी काळी पडते. याला कुठलीही काच उपाय नाही, कितीही महाग असो.

क्रॉसबोच्या बाबतीत हे जास्त लागू आहे. सेकंदाला ३५० फूट वेगाचा बोल्ट ४० यार्डांवर पोचायला सेकंदाचा तिसरा हिस्सा घेतो, आणि तेवढ्यात सुमारे दोन फूट खाली येतो. दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी पोचतो, हरीण दचकून दबतं. अंधुक उजेडात ४० यार्डांचं अंतर तीस वाटलं, तर बोल्ट सहा इंच खाली लागतो. सहा इंच म्हणजे फुप्फुसाऐवजी पाय. मग माग काढायचा, आणि तो तांबडा.

त्यांच्याकडे सूर्यास्तानंतर अर्धा तास परवानगी असते. आपल्या अक्षांशावर तेवढ्या वेळात बहुतेक अंधारच होतो, नागरी संधिप्रकाश इथे तेवीस-चोवीस मिनिटांत आटपतो. मिशिगनमध्ये तो नोव्हेंबरात अर्ध्या तासाच्या जवळ जातो, म्हणून कायद्याचं घड्याळ तिथे बरं चालतं. पण ते उघड्या माळावर. झाडीत नाही.

म्हणून मी त्याला एक काम दिलं. घरामागच्या झाडीत, जिथे मचाण बांधणार तिथून तीस यार्डांवर जमिनीलगत एक तांबडं फडकं टाक. रोज संध्याकाळी बस, धनुष्य न घेता. फडकं काळं झालं की मिनिटं लिही.

“आणि मग?”

“मग त्याच्या आधी थांबायचं.”

तो हसला नाही, हे मला बरं वाटलं. स्कोप त्याने ३२चा घेतला. फडक्यासाठी बायकोची जुनी ओढणी फाडली, असं कळलं. पहिल्या तीन दिवसांचे आकडे आलेत: सूर्यास्तानंतर १९ मिनिटं, १७, आणि आभाळ होतं त्या दिवशी ११. खाली विचारलंय की मिनिटं नुसत्या डोळ्यांनी धरायची का स्कोपातून. दोन्ही लिही, म्हणून कळवलं आहे.