सामूहिक वनहक्क : काय अडलं, काय जमलं

आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात. वस्ती गोंडांची. थोडं लिहिता-वाचता येतं म्हणून मला वनहक्क समितीचा सचिव केलं. २००६ चा वनहक्क कायदा ऐकून माहीत होता. आमच्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी आमचं 'बघू, करू' चाललं होतं. २०११ मध्ये तिथल्या ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक आलं, तेव्हा आमच्याकडे हालचाल सुरू झाली.

पहिल्यांदा अडलं ते गणपूर्तीवर. ग्रामसभेला गावातले निम्मे प्रौढ हवेत आणि हजर लोकांत किमान एक-तृतीयांश बाया. आम्ही सभा ठेवली ती ऐन रोवणीत, दिवसा. कोण येणार? मग रात्री जेवणं झाल्यावर गोटुलात, म्हणजे गावाच्या सभाघरात, बसायला लागलो. बाया लेकरं घेऊन येऊ लागल्या.

मग हद्दीचा वाद निघाला. नाल्यापलीकडचा मोह शेजारचं गावही वेचायचं. अशा वेळी दोन्ही गावांच्या समित्यांनी एकत्र बसावं, असं नियमांतच आहे. आम्ही दोन्हीकडच्या भूमियांना, म्हणजे गावदेवाचं पाहणाऱ्यांना, घेऊन रान फिरलो. त्यांनी देवाच्या जागा, जुने दगड दाखवले. हद्द नाल्याची धरली, मोह मात्र दोघांनी वेचायचा. तसं लिहून सगळ्यांचे अंगठे-सह्या घेतल्या.

खरा त्रास पडताळणीचा झाला. सरकारी कर्मचारी आला, आमच्याबरोबर रान हिंडला, पण सही न करताच गेला. दावा परत आला. त्या दिवशी मी कुणाशी धड बोललो नाही. पुन्हा नोटीस दिली, या वेळी पोच घेतली. पडताळणीला हजर राहून सही करणं सरकारी कर्मचाऱ्यांवर बंधनकारक आहे, तो नियम अर्जातच लिहिला. सही झाली. पुरावे किमान दोन लागतात. आम्ही निस्तारपत्रक (जंगल वापराच्या हक्कांची सरकारी नोंद) आणि म्हाताऱ्यांचे लेखी जबाब जोडले.

सामूहिक हक्काचा पट्टा मिळाला आणि जंगल राखण्यावरून भांडण गावातच सुरू झालं. वनहक्क कायद्याचं कलम ५ जंगल आणि वन्यजीव राखण्याचं कामही ग्रामसभेकडे देतं. आमच्याकडे वणवा लागतो तो बहुतेक मोहाखालून. फुलं दिसावीत म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवतात आणि आग पुढे सरकते. माझी आईही जन्मभर तसंच करत आली. सभेत तीच उठली, "पाला सारत बसू, तर फुलं कवा वेचू?" मला उत्तर सुचलं नाही. शेवटी एका बाईनं तोडगा काढला : फुलं गळायच्या आधीच ज्याच्या-त्याच्या झाडाखाली खराट्यानं झाडायचं. पेटवणाऱ्याला दंड.

तरीही पहिल्या हंगामात कुणीतरी पेटवलंच. आग बांबूच्या रांजीपर्यंत गेली. अर्धं गाव रात्री ओल्या डहाळ्या घेऊन धावलं. त्यानंतर दंडाबद्दल कुणी कुरकुर केली नाही. जाळरेषा आम्ही आता उन्हाळ्याच्या तोंडावरच साफ करतो, गस्तीला घरटी एक माणूस पाळीनं जातो. तेंदूसाठी खुटकटाई करतो, म्हणजे झुडपं बुंध्याशी छाटतो, फांद्या तोडू देत नाही.

तेंदूच्या पैशांतही एकदा अडकलो. सत्तर पानांचा पुडा बांधून लोकांनी फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या केंद्रावर, माल दिला, पण व्यापाऱ्यानं पैसे रखडवले. घरोघरी विचारणा व्हायची आणि मला तोंड चुकवावं लागायचं. आता आगाऊ रक्कम ग्रामसभेच्या खात्यात जमा झाल्याशिवाय फळी सुरू होत नाही. हिशेब सभेत मोठ्यानं वाचतो.

दावा करणार असाल तर प्रत्येक कागदाची पोच घ्या आणि शेजारच्या गावाशी आधी बोला. दावा फेटाळला तर कारण लेखी मागा, साठ दिवसांत अपील करता येतं. आणि जंगल राखायचे नियम पट्ट्याची वाट न बघता आधीच ठरवा. आम्ही ते नंतर केले, म्हणून एक हंगाम बांबू जळला.