कुळथाचें कळण

हॉटेलांत जेवावयास बसलें म्हणजे प्रथम 'सूप' मागविण्याची चाल अलीकडे पडली आहे, आणि दुकानांत त्याच्या भुकटीच्या पुड्याही मिळतात. त्यामुळें सूप ही कांहींतरी परदेशी व खर्चाची चीज आहे, असा पुष्कळांचा ग्रह होतो. परंतु संस्कृतांत 'सूप' म्हणजे डाळीचें कालवण, आणि 'सूपकार' म्हणजे स्वयंपाकी. इंग्रजी शब्दाशीं त्याचें नातें नसलें, तरी वस्तु आपल्या घरांत फार जुनी आहे. मुगाचें कढण, हुलग्याचें माडगें, आमसुलाचें सार हीं सर्व तिचींच रूपें होत. त्यांपैकीं आमच्या कोंकणांतील कुळथाच्या कळणाविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कुळीथ म्हणजेच देशावरील हुलगा. इंग्रजींत त्यास घोड्याचे चणे अशा अर्थाचें नांव आहे, तें ऐकून कित्येक जण नाक मुरडतात. परंतु भाताची कापणी झाल्यावर जमिनींत जी ओल उरते, तेवढ्यावर हें पीक येतें. म्हणूनच गरिबाच्या कणगींतही तें सांपडतें.

त्याची खरी ओळख आम्हांस इ. स. १९८२ सालीं झाली. त्या वर्षीं जानेवारीच्या १८ तारखेस मुंबईच्या कापडगिरण्यांत संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत होते, व त्यांतच आमचे वडील. रत्नागिरी जिल्ह्यांतील आमच्या घरीं दरमहा येणारी मनिऑर्डर बंद पडली. घरांत आजी, आई व आम्ही चार भावंडें. दूध, मासळी, तूरडाळ हीं एकामागून एक नाहींशीं झालीं. कणगींतले कुळीथ तेवढे उरले.

आईची रीत अशी असे. एक मोठी वाटी, म्हणजे सुमारें दीडशें ग्रॅम कुळीथ खडे वेंचून, धुवून रात्रीं भिजत घालावेत. सकाळीं तें पाणी टाकून द्यावें; पोट फुगविणारीं कांहीं द्रव्यें त्यांत उतरलेलीं असतात. मग दोन लिटर पाण्यांत, मंद आंचेवर, दाणा बोटानें चेंगरेपर्यंत शिजवावेत आणि पाणी निथळून घ्यावें. हें तपकिरी पाणी म्हणजे कळण. थोड्या तेलांत ठेंचलेल्या लसूणपाकळ्या, जिरें व सुकी मिरची यांची फोडणी करून कळण तींत ओतावें. मीठ व तीनचार आमसुलें घालून उकळी आणावी. नारळ असेल तर शेवटीं थोडा रस घालावा. दाण्यांची उसळ करावी. एवढ्यांत सहा माणसांचा भात भिजतो.

भारतीय धान्यांची परीक्षा करणारी संशोधनशाळा पूर्वीं कुन्नूर येथें होती. ती १९५८ सालीं हैदराबादेस गेली व आज राष्ट्रीय पोषण संस्था या नांवानें प्रसिद्ध आहे. तिच्या कोष्टकांत शंभर ग्रॅम कुळथांत २२ ग्रॅम प्रथिनें दिलेलीं आहेत. गव्हांत तीं बाराच्या आंतच भरतात. मात्र हीं प्रथिनें बहुतांशीं दाण्यांतच राहतात. पाण्यांत उतरतात ते कांहीं क्षार, कांहीं 'बी' जीवनसत्त्वें, रंग व चव. कळण आजाऱ्याच्या तोंडास रुचि आणतें हें खरें, पण निव्वळ कळणानें शरीर पोसलें जात नाहीं.

हें आम्हांस कोष्टकाच्या आधीं आईवरून कळलें. ती उसळ आजीला व आम्हां मुलांना वाढी, आणि आपण भातावर कळण घेऊन उठे. विचारलें तर म्हणे, "अरे, सगळा कस कळणांत उतरतो, उसळ म्हणजे नुसता चोथा." पावसाळ्याच्या अखेरीस ती घागर घेऊन येतांना उंबऱ्याशींच बसूं लागली, नखें पांढुरकीं दिसूं लागलीं. दवाखान्यांतील डॉक्टरांनीं पापणी ओढून पाहिली, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि रोज काय खातां म्हणून विचारलें. सारें ऐकून ते म्हणाले, "बाई, यापुढें दाणे तुम्हीही खायचे. वर लिंबू पिळा, आणि जेवणावर लगेच चहा घेऊं नका." लिंबानें धान्यांतील लोह अंगीं लागण्यास मदत होते, व चहानें त्यास अडथळा येतो. त्या रात्रीं आजीनें पळी आपल्या हातीं घेतली, प्रथम आईच्या पानांत उसळ वाढली, आणि ती खाईपर्यंत पाटावरून हलली नाहीं. पुढें हळूहळू आईच्या अंगांत शक्ति आली.

विद्यार्थिमित्रांनो, स्वस्त अन्नाची लाज बाळगूं नका. पुड्यांतील भुकटीवर पैसा घालविण्यापेक्षां वाटीभर कुळीथ भिजत घाला. शिजविल्याचें पाणीही फुकट दवडूं नका. परंतु घरची काटकसर एकाच पानावर येऊन पडत नाहीं ना, हें पाहात चला. कळण सर्वांना पुरतें, कारण त्यांत पाणी वाढवितां येतें. दाणे मात्र मोजके असतात. ते वाढतांना जी रांधते तिचा वांटा आधीं काढून ठेवावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.