नकाशा कोणाच्या हाती?

आमच्या मिरजेत चढ म्हणजे रेल्वेवरचा पूल. बाकी सगळा मुलूख सपाट. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मायलेकी आठवडाभर वाईला राहून धावायला, घाटात सायकल चालवायला आणि नकाशा घेऊन डोंगरात वाट शोधायला शिकणार, हे कळल्यावर घरात आधी हशा पिकला. दादींनी विचारलं, "पैसे देऊन दमायला जाणार?"

आमच्यातली थोरली ४४ वर्षांची, धाकटी १७. थोरलीचं धावणं दहावीनंतर बस पकडण्यापुरतं उरलेलं. धाकटी बारावीत. येत्या जूनमध्ये भूगोल शिकायला पुण्याला जायचं, वसतिगृहात राहायचं, हे तिने ठरवलं होतं. घराने अजून ठरवलं नव्हतं. अब्बांचा नकार नव्हता, पण होकारही नव्हता. "एकटी कशी राहील? रस्ता चुकली तर?" हा प्रश्न रोज जेवायला आमच्याबरोबर बसायचा. शिबिराचं पत्रक धाकटीने आणलं तेव्हा अब्बा म्हणाले, "अम्मी बरोबर असेल तर जा." अम्मी काही जायची नाही, असा त्यांचा हिशेब असावा. तो चुकला.

शिबिरात आम्ही बावीस जण होतो. त्यात नऊ बायका-मुली. पहिले दोन दिवस नुसतं धावणं. फजरची नमाज झाली की बूट बांधून बाहेर पडायचं. कृष्णेवर धुकं असायचं, हळदीच्या आणि उसाच्या शेतांतून गारवा यायचा. वाईहून मेणवली साधारण तीन किलोमीटर, पुढे रस्ता धोम धरणाकडे जातो. तिथपर्यंत जाऊन परत.

शिकवणाऱ्या सरांनी नियम एकच सांगितला: धावताना शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. येत नसेल तर वेग जास्त आहे. लांब पल्ल्याला हृदय, फुप्फुसं आणि पायाचे स्नायू हळूहळू तयार होतात. रोज जीव तोडून पळालं तर ते तयार होण्याआधी दुखावतात. म्हणून चार मिनिटं धावायचं, एक मिनिट चालायचं, पुन्हा धावायचं. थोरलीला चालायची लाज वाटायची, लोक काय म्हणतील म्हणून. धाकटीला चालायचा कंटाळा यायचा. ती पुढे सुसाट जायची आणि वळणावर कंबरेवर हात ठेवून उभी राहायची. दुसऱ्या दिवशी तिच्या नडग्या ठणकू लागल्या आणि थोरलीच्या पोटरीत रात्री गोळे आले. दोघी एकमेकींचे पाय दाबत बसलो. असं आम्ही किती वर्षांनी बसलो होतो, आठवेना.

तिसरा दिवस पसरणी घाटाचा. वाई ते पाचगणी साधारण बारा किलोमीटर, आणि चढ साडेपाचशे मीटरच्या वर. आधी सायकल अंगाला बसवून घेतली. पायडल तळाला असताना टाच ठेवली तर पाय सरळ झाला पाहिजे, इतकी सीट उंच. आम्ही आयुष्यभर सीट खाली ठेवूनच चालवत आलो होतो, म्हणून गुडघे बोलायचे. गिअर चढ लागण्याआधी हलका करायचा. चढात अडकल्यावर जोर लावून बदलला तर चेन उतरते. उतारावर ब्रेक दाबून धरायचे नाहीत, दाबायचे आणि सोडायचे, दोन्ही मिळून, वळणाच्या आधीच. कपड्यांचंही गणित होतं. सलवारचा घेर चेनमध्ये जातो, म्हणून सैल ट्रॅकपँट आणि घोट्याला रबराचा पट्टा. हेल्मेटखाली पातळ सुती स्कार्फ मानेमागे गाठ मारून छान बसतो. हे कोणी आधी सांगितलं असतं तर आमची एक सकाळ वाचली असती, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

पर्यटकांच्या गाड्या हॉर्न देत जात होत्या. थोरली दोनदा उतरली, धाकटी एकदा. एक तास पन्नास मिनिटांनी वर पोहोचलो, खजूर खाल्ले, चहा प्यायलो आणि खाली दिसणाऱ्या धोमच्या पाण्याकडे पाहत राहिलो. आपण इथून आलो, यावर विश्वास बसेना.

चौथ्या दिवशी नकाशा हाती आला. या खेळाला ओरिएंटिअरिंग म्हणतात. मुळात स्कँडिनेव्हियातला. स्वीडनच्या एर्न्स्ट किलांडर या लष्करी अधिकाऱ्याने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तो तरुणांमध्ये रुजवला, आणि १९६१ मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय महासंघ झाला. रानात ठिकठिकाणी पांढऱ्या-केशरी कापडाच्या खुणा टांगलेल्या असतात. नकाशावर त्यांच्या जागा गोलांनी दाखवतात. त्या क्रमाने शोधायच्या, प्रत्येक ठिकाणी कार्डावर टोचा पाडायचा आणि परत यायचं. वाट कोणती घ्यायची ते ज्याने त्याने ठरवायचं.

आमचा नकाशा १:१०,००० प्रमाणाचा होता, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरचे शंभर मीटर. तपकिरी रेषा उंचीच्या. त्या जवळजवळ आल्या की चढ उभा. निळं ते पाणी, पिवळा तो मोकळा माळ, हिरवी ती दाट झाडी. पहिला धडा असा की नकाशा जमिनीप्रमाणे फिरवायचा. आपण दक्षिणेकडे निघालो असू तर दक्षिण वर धरायची, मग अक्षरं उलटी दिसली तरी चालतील. थोरलीला हे विचित्र वाटलं, कारण शाळेच्या भिंतीवर उत्तर कायम वरच. तेव्हा धाकटी म्हणाली, "अम्मी, अल्-इद्रीसीच्या नकाशात दक्षिणच वर आहे." हा भूगोलतज्ज्ञ सिसिलीच्या राजा रॉजरच्या दरबारी होता, आणि ११५४ साली त्याने पुरा केलेला जगाचा नकाशा आजच्या माणसाला उलटा वाटतो. पोरगी भूगोल का मागतेय, ते थोरलीला त्या क्षणी थोडं कळलं.

त्या रात्री आम्ही होकायंत्राने किब्ला काढून पाहिला. घरी किब्ला म्हणजे कपाटाची भिंत, आणि सफरीत म्हणजे फोन. वाईहून ती दिशा सुमारे २८२ अंशांवर, म्हणजे पश्चिमेपासून बारा अंश उत्तरेला. तबकडी फिरवली, सुई जुळवली, मुसल्ला अंथरला. सगळं चोख जमलं. त्यामुळे होकायंत्रावर आमचा पुरा भरवसा बसला, आणि पुढची फजिती त्याच भरवशावर झाली.

पाचवा दिवस. पाचगणीजवळच्या एका पठाराचा उतार, सिल्व्हर ओकची झाडी, कमरेएवढं वाळलेलं गवत. दुपारी सुरुवात केली. पहिल्या चार खुणा पायवाटेलगतच होत्या, भराभर मिळाल्या. पाचवी एका घळीच्या तोंडाशी, पाण्याच्या टाकीपासून पाचशे मीटर, मधे वाट नाही. होकायंत्र धाकटीच्या हातात. वारा होता, म्हणून तिने ते गळ्याशी घट्ट धरलं आणि चालू पडली. थोरली मागे पावलं मोजत.

नकाशाप्रमाणे ओढा उजव्या हाताला हवा होता. तो डावीकडे वाजत होता. थोरलीने तसं म्हटलं.

"अम्मी, सुई खोटं बोलत नाही."

"अगं, पण ओढा?"

"तुला नकाशा नीट वाचता येत नाही."

वीस मिनिटं गेली. घळ नाही, खूण नाही. मग आम्ही भांडलो, आणि भांडण ओढ्याचं राहिलं नाही. "तू कधी कोणाचं ऐकतेस?" इथून सुरू झालं आणि "तू मला कधी पुढे जाऊ देतेस?" इथवर गेलं. पुण्याचं नाव कोणी काढलं नाही. काढायची गरजच नव्हती. दोन वेगवेगळ्या दगडांवर तोंड फिरवून बसलो. असरची वेळ होऊन गेली होती आणि गवतात सावल्या लांबत होत्या.

थोरलीने हात पुढे केला. "दे इकडे, बघू." होकायंत्र एका हातातून दुसऱ्या हातात जाताना सुई गर्रकन फिरली. दोघींनी पाहिलं. परत धाकटीकडे नेलं, पुन्हा फिरली. जमिनीवर ठेवलं तर स्थिर. गळ्याजवळ नेलं की भलतीकडे. धाकटीचा हात आपसूक हनुवटीखाली गेला. तिथे स्कार्फची चुंबकाची पिन होती! कापडाला भोक पडत नाही म्हणून थोरलीनेच तिला ईदला घेऊन दिलेली. आदल्या रात्री खोलीत पिन लावलेली नव्हती, म्हणून सगळं जुळलं होतं. थोरलीची पिन साधी टोचायची.

हसू आलं, पण ते नंतर. आधी दोघी गप्प झालो. धाकटीने अंश बरोबर लावले होते. ओढाही थोरलीला बरोबर ऐकू येत होता. चूक तिसऱ्याच ठिकाणी होती आणि आम्ही ती एकमेकींच्या स्वभावात शोधत होतो.

सरांनी सांगितलं होतं, चुकल्यावर अंदाजाने पुढे जायचं नाही; जी जागा शेवटची नक्की ओळखली, तिथे परत जायचं. पिन दप्तरात टाकली, धाकटीने स्कार्फची गाठ मारली आणि आम्ही टाकीपाशी परतलो. या वेळी एकीने दिशा धरली, दुसरीने डावा-उजवा सांभाळला, आणि दोघींना पटल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही असं ठरलं. दहा-बारा मिनिटांत गवतातून केशरी कापड दिसलं. खाली आलो तेव्हा मगरिब झाली होती आणि सर टॉर्च घेऊन वाटेवर उभे होते. फोन आणि सायकलचं लोखंड होकायंत्रापासून लांब ठेवा, हे ते पहिल्याच दिवशी बोलले होते. स्कार्फची पिन त्यांनाही नवी होती. "पुढच्या तुकडीला सांगतो," म्हणाले.

सहावा दिवस आरामाचा. शेवटच्या दिवशी सगळं एकत्र: सहा किलोमीटर धावणं, बावीस किलोमीटर सायकल, आठ खुणा. जोडीने जायचं, आणि वेळ धरायची ती मागून पोहोचणाऱ्याची. त्यामुळे धाकटीला सुसाट जाऊन उपयोग नव्हता, आणि थोरलीला "तू हो पुढे" म्हणायची सोय नव्हती. अकरा जोड्यांत आम्ही नववे आलो. आठही खुणा मिळाल्या.

घरी आल्यावर अब्बांनी पहिला प्रश्न तोच विचारला. "रस्ता चुकलात का कुठे?"

धाकटी म्हणाली, "चुकलो."

ताटावर जरा शांतता झाली. "मग?"

"मग थांबलो. कुठे चुकलं ते पाहिलं. ओळखीच्या जागी परत गेलो आणि पुन्हा निघालो."

अब्बा थोरलीकडे बघायला लागले. थोरली म्हणाली, "तिने शोधलं. मी पावलं मोजत होते." हे शंभर टक्के खरं नव्हतं, पण बऱ्यापैकी खरं होतं. अब्बांनी घड्या पडलेला नकाशा हातात घेतला, थोडा वेळ उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "पुण्याचा असा मिळतो का?" दादी म्हणाल्या, "आधी तिला जेवू दे."

कोणाला सुरुवात करायची असेल तर मोठं काही लागत नाही. बरे बूट, बोलता येईल इतका वेग, एक मिनिट चालायची लाज सोडणं, आणि आठवड्यात एखादा दिवस पूर्ण आराम. साखर-मीठ-लिंबाचं पाणी जवळ ठेवावं. मधुमेह, रक्तदाब किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. आणि होकायंत्र वापरणार असाल तर ओढणीची पिन तपासावी.

आम्ही आता रोज सकाळी रेल्वेच्या पुलावर जातो. सहा वेळा वर, सहा वेळा खाली. जूनपर्यंत दोघी जाणार आहोत. त्यानंतर एकीला एकटीने जायची सवय करावी लागेल. ती थोरली.