कुलूप नवे, किल्ली जुनी

आमच्या पिंपरी पेंढारच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. तीत शाळा सोडल्याचे दाखले, जातीचे दाखले, आजोबांचे जुने रेशनकार्ड. आईने या सगळ्यांच्या झेरॉक्स काढून ओतूरला आत्याकडे ठेवल्या आहेत. इथले काही झाले तरी ओतूरचे राहील, हा तिचा हिशोब. आईला अक्षरओळख बेताची. पण पुण्यात आम्ही ज्या कामाचा पगार घेतो, ते काम तिला आमच्याआधी समजले होते.

वाचकांना वाटेल, कुटुंबाच्या पानावर हे कॉम्प्युटरचे काय काढले? पण आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले-मुली आज सर्व्हर सांभाळायच्या रात्रपाळ्या करतात, आणि त्या सर्व्हरमधून ज्यांचा पगार निघतो तेही आपलेच आईबाप. म्हणून सांगतो. चूक आमची आहे, दुसऱ्या कोणाची नाही.

पूर्वी प्रत्येक कामाला वेगळा कॉम्प्युटर असे. आता एका दांडग्या यंत्रात वीस-पंचवीस कॉम्प्युटर राहतात, चाळीत बिऱ्हाडे राहावीत तसे. प्रत्येकाला वाटते आपले घर स्वतंत्र. ही चाळ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये व्हीएमवेअरचे व्हीस्फिअर फार पसरले. बॅकअप म्हणजे या बिऱ्हाडांची रोज रात्री काढलेली नक्कल. २००९ साली व्हीस्फिअरच्या चौथ्या आवृत्तीत नक्कल काढणाऱ्यांसाठी जणू एक मागचा दरवाजा ठेवण्यात आला. कोणाची झोप न मोडता सगळ्यांची नक्कल मागून घेता येते. शिवाय कालपासून काय बदलले त्याची यादी चाळच देते, त्यामुळे रोज सगळे उतरवावे लागत नाही. सोय मोठी आहे. पण नवी मोठी आवृत्ती आली की त्या दरवाज्याचे कुलूप थोडेफार बदलते. बॅकअपचे सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपन्यांना मग नवी किल्ली घडवावी लागते, तपासावी लागते. त्यात आठवडे जातात, कधी महिने. कोणती आवृत्ती कशाशी जुळते याची यादी त्या कंपन्या देतात. ती यादी वाचायची, एवढेच आमचे काम होते.

११ ऑक्टोबर २०२२ ला व्हीस्फिअर ८ बाजारात आले आणि चारच दिवसांनी जुन्या ६.७ ची देखभाल संपली. आम्ही ६.७ वर होतो. जुन्याला आता दुरुस्ती मिळणार नाही, ही भीती खरी होती. मधल्या ७ वर थांबता आले असते. आमचे बॅकअप सॉफ्टवेअर ७ ला ओळखत होते. पण एकदाच काय ते शेवटच्या पायरीवर जाऊ, असे आम्हीच म्हणालो. शहाणपण दाखवायची हौस, दुसरे काय!

१९ नोव्हेंबरच्या शनिवारी संध्याकाळी शेवटचा बॅकअप घेतला आणि रात्रभर काम केले. पहाटे सगळी बिऱ्हाडे सुरू झाली. आम्ही आणि दोन सोबत्यांनी टपरीवर चहा घेतला, एकमेकांची पाठ थोपटली. बॅकअपच्या यादीत ८ हा आकडाच नव्हता. त्या रात्रीपासून बॅकअप बंद पडला. त्याच्या तक्रारीची ईमेल रोज येत होती. परंतु रोज येणाऱ्या शेकडो ईमेल एका बाजूच्या कप्प्यात पडाव्यात, अशी व्यवस्था आम्हीच करून ठेवली होती. तो कप्पा कोणी उघडत नव्हते.

अकराव्या दिवशी, ३० तारखेला, आम्ही गावी होतो. कांद्याची लागवड चालू होती म्हणून दोन दिवसांची रजा काढली होती. रात्री फोन आला. साठवणीच्या दोन डिस्क एकापाठोपाठ गेल्या होत्या. आई म्हणाली, "आरं, पण नक्कल ठेवली आसंल ना दुसरीकडं?" आम्ही "हो" म्हणालो. त्या वेळी आम्हाला ते खरेच वाटत होते. बिबट्याच्या भीतीने आमच्याकडे अंधार पडल्यावर रस्त्याला एकटे कोणी जात नाही. धाकट्या भावाने मोटरसायकल काढली, चुलतभाऊ बॅटरी घेऊन मागे बसला, तिघे आळेफाट्याला आलो. तिथून एसटीने पुणे.

पुण्यात गेल्यावर कप्पा उघडला आणि पायाखालची जमीन सरकली. १९ तारखेची नक्कल शाबूत होती, पण तीही परत बसेना. नक्कल परत ठेवायलाही तोच दरवाजा लागतो. शेवटी भंगारात काढलेले एक यंत्र पुसून उभे केले, त्यावर साठ दिवसांच्या चाचणी परवान्यावर जुने ६.७ घातले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सर्व्हर उठला. अकरा दिवस मात्र गेले ते गेलेच.

त्या अकरा दिवसांत काय होते? कंत्राटी सफाई कामगारांची हजेरी. चारशेच्या आसपास माणसे, बहुतेक बाया. अंगठ्याच्या यंत्रातली नोंद सर्व्हरवर चढली की यंत्रातून पुसली जायची. पगार आठवड्यावर आलेला. मग आम्ही एकेका ठिकाणी जाऊन कागद गोळा करू लागलो. एका इस्पितळातल्या मुकादम मावशींकडे शंभर पानी वही होती. नावाचे पहिले अक्षर, पुढे रेघा. दिवसपाळीला उभी रेघ, रात्रपाळीला आडवी. एवढी चोख नोंद आमच्या कुठल्याही सर्व्हरमध्ये नव्हती. त्यांच्या सगळ्या बायांचा पैसा न् पैसा निघाला. बाकी ठिकाणी मालकाने साधी हजेरी भरून दिली, जादा कामाचा पुरावा मागितला. एका ताईंच्या दोन रात्री आम्हाला सिद्ध करता आल्या नाहीत. त्यांनी दोन रात्री काम केले, हे आम्हाला माहीत आहे. आम्ही खिशातून पैसे देऊ लागलो तर त्या म्हणाल्या, "साहेब, मला दान नको. माझी हजेरी द्या." ती कुठून देणार?

मोठमोठ्यांचेही हात या कामात पोळले आहेत. २०१४ साली उघड झाले की व्हीस्फिअरमध्ये डिस्क वाढवून १२८ जीबीच्या पुढे नेली, तर काय बदलले याची यादीच चुकीची मिळू शकते. २०१५ मध्ये ६.० आवृत्तीत पुन्हा त्याच यादीचा घोटाळा निघाला. हे आमच्यापेक्षा वाईट. आमच्याकडे निदान लाल खूण येत होती. तिथे खूण हिरवी आणि नक्कल अपुरी. २०२१ च्या नोव्हेंबरात तर ७.० ची तिसरी सुधारणा कंपनीने स्वतःच मागे घेतली आणि जानेवारी २०२२ मध्ये दुरुस्त करून दिली. तेव्हा यादीत आकडा असणे ही पहिली पायरी. नक्कलेतून एक मशीन खरोखर उभी करून पाहिल्याशिवाय हिरव्या खुणेवर विसंबू नये.

आता तर चाळीचा मालकही बदलला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली, परवान्याच्या अटी बदलल्या, आणि कितीतरी लोक प्रॉक्समॉक्ससारख्या दुसऱ्या चाळींत बिऱ्हाड हलवू लागले. तिथेही प्रश्न तोच. वीम या नावाजलेल्या बॅकअप सॉफ्टवेअरने प्रॉक्समॉक्सची किल्ली दिली ती ऑगस्ट २०२४ मध्ये. त्याआधी हलले त्यांनी दुसरी सोय पाहिली असेल तर बरे. बॅकअपच्या धंद्यातली द्रुवा ही कंपनी २००८ साली आपल्या पुण्यातच सुरू झाली. आपल्यातल्या शिकणाऱ्या मुलांनी हे किल्ल्या घडवण्याचे कामही पाहून ठेवावे, त्यात पोट भरते.

जून २०२५ मध्ये नववी आवृत्ती आली. ऑक्टोबरात ७ ची देखभाल संपली. वरून पुन्हा विचारणा झाली, कधी चढवणार? आम्ही जुळणीची यादी छापून भिंतीला लावली आहे आणि तो ईमेलचा कप्पा काढून टाकला आहे. दर तीन महिन्यांनी त्या भंगारातल्या यंत्रावर नक्कलेतून हजेरीचा सर्व्हर उभा करतो आणि एका महिन्याची हजेरी मावशींच्या वहीशी ताडून पाहतो. मावशींनी वही अजून बंद केलेली नाही.