बारा वर्षांचा येशू

वल्हांडणाचा सण आटोपला. नाझरेथची यात्रेकरू मंडळी यरुशलेमहून परत निघाली, एक दिवसाची वाट चालून झाली, आणि मग मरिया-योसेफाच्या ध्यानात आले की बारा वर्षांचा येशू बरोबर नाही. नातेवाइकांत शोधले, ओळखीपाळखीच्यांत शोधले, पत्ता नाही. दोघे उलट्या पावली यरुशलेमला गेले. तो सापडला तीन दिवसांनी, मंदिरात, शास्त्र्यांच्या मध्ये बसलेला.

रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात किंवा प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या शब्बाथ शाळेत ही गोष्ट निघाली की पोरे कान टवकारतात. जत्रेत आईचा हात सुटणे म्हणजे काय, हे पहिलीतल्या मुलालाही समजावून द्यावे लागत नाही. पण पुष्कळदा गोष्ट इथूनच घाईने शेवटाकडे पळवली जाते: येशू घरी परतला, आईबापांच्या आज्ञेत राहिला, तुम्हीही तसेच राहा. वर्ग सुटला.

मधले सगळे राहून जाते, आणि ते मधलेच खरे मोलाचे आहे. ही गोष्ट सांगणारा शुभवर्तमानकार लूक याने मरियेची व्यथा लपवलेली नाही. मुलगा दिसताच ती त्याला जाब विचारते: आमच्याशी असा का वागलास, आम्ही दोघे जिवाच्या आकांताने तुला शोधत होतो. तो उलट तिलाच विचारतो की मी माझ्या पित्याच्या घरी असणार, हे तुम्हाला माहीत नव्हते का. आणि हे उत्तर आईबापांना उमगले नाही, असे लूक सरळ लिहून मोकळा होतो. सिएनाचा चित्रकार सिमोने मार्तिनी याने 1342 साली नेमका हाच क्षण रंगवला. लिव्हरपूलच्या वॉकर आर्ट गॅलरीत ते छोटेसे चित्र आहे. मरिया बसलेली, योसेफ समजावतो आहे, आणि मुलगा हाताची घडी घालून उभा. वर्गात दाखवावे असे हे चित्र आहे. पवित्र कुटुंबातही न उमगलेले बोलणे होते, हे मुलांना चित्र पाहताच कळेल.

येशूच्या बालपणाबद्दल शुभवर्तमाने फार थोडे बोलतात. मार्क आणि योहान त्याविषयी गप्पच आहेत. मत्तयाकडे मागी लोक, हेरोदाची कत्तल आणि इजिप्तला पलायन. लूककडे गव्हाण, मेंढपाळ, मंदिरातले समर्पण आणि ही एक हरवल्या-सापडल्याची गोष्ट. मागी तीन होते असे मत्तयाने म्हटलेले नाही, आणि नाताळच्या गोठ्यातले बैल-गाढवही या कथांत कुठे नाहीत.

ही पोकळी भरून काढण्याचा मोह जुना आहे. थोमाच्या नावावर चालणाऱ्या बालपणाच्या ग्रंथात पाच वर्षांचा येशू शब्बाथाच्या दिवशी मातीच्या बारा चिमण्या करतो, टाळी वाजवतो आणि त्या उडून जातात. मातीच्या पक्ष्याचा उल्लेख कुराणातही आहे. मुलांना ही गोष्ट आवडणारच. पण थोमाच्या त्याच ग्रंथात येशू चिडून शाप देतो आणि सोबतचा मुलगा मरून पडतो. चर्चने हा ग्रंथ बायबलमध्ये घेतला नाही, हे योग्यच झाले. लूकच्या बारा वर्षांच्या मुलाने चमत्कार केलेला नाही. तो मोठ्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता. धर्मशिक्षणाच्या वर्गाला याहून चांगला आदर्श कुठला मिळणार? मात्र मग वर्गात प्रश्नांना जागाही हवी.

मराठीला या बाबतीत फार जुना वारसा आहे. 1579 साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी प्रश्नोत्तरांची ‘दौत्रिना क्रिस्तां’ कोकणीत रचली. ती त्यांच्या मृत्यूनंतर 1622 मध्ये छापली गेली. पण प्रश्नोत्तरांची घोकंपट्टी पुरेशी नाही, हे त्यांनी आधीच ओळखले होते. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्या जागी त्यांना ऐकायला, गायला काही हवे होते. म्हणून 1616 साली राशोलला ‘क्रिस्तपुराण’ छापून झाले: रोमन लिपीत, पण मराठी ओवीत, दहा हजारांहून अधिक ओव्यांचे. उत्पत्तीपासून ख्रिस्तापर्यंतची कथा गोव्यातल्या चर्चांतून लोक गाऊन ऐकत. धर्म मनात उतरतो तो गोष्टीतून, ही त्या परक्या माणसाची जाण आजच्या धर्मशिक्षकांनीही जपावी.

आणि गोष्ट सांगायची तर पुरती सांगावी. जुन्या करारातला, शिलोच्या मंदिरात याजक एलीजवळ वाढणारा बाळ शमुवेल घ्या. दरवर्षी आई हन्ना त्याच्यासाठी छोटा झगा शिवून शिलोला आणायची. रात्री हाक ऐकू येते, तो तीनदा धावत म्हाताऱ्या एलीकडे जातो, मग ही देवाची हाक आहे हे एलीच्या लक्षात येते. बहुतेक वर्गांत शमुवेल ‘बोल प्रभो’ म्हणतो आणि गोष्ट तिथे थांबते. देव काय बोलला? एलीच्या मुलांनी पाप केले, एलीने त्यांना आवरले नाही, त्याच्या घराण्याला शिक्षा होणार. ज्याने वाढवले त्यालाच हे कसे सांगायचे? शमुवेल सकाळपर्यंत पडून राहतो, उठून मंदिराची दारे उघडतो, आणि सांगायला घाबरतो. एली त्याला जवळ बोलावतो, काही लपवू नकोस म्हणतो. मग तो पोर सगळे सांगतो, आणि एली ते ऐकून घेतो.