सायकलची सुट्टी

नोकरीतला माणूस रविवारी लोळला तर त्याला कोणी आळशी म्हणत नाही. पण सायकलस्वार एक दिवस घरी बसला की त्याचे त्यालाच चोरट्यासारखे होते. आमच्या पुतण्याचेच पाहा ना! बँकेत नोकरी, वय २८, आणि पहाटे पाचला पुण्याहून निघून सिंहगडाचा पायथा गाठायचा. आधी आठवड्यातून तीनदा जाई, मग रोज जाऊ लागला. महिन्याभरात गंमत अशी झाली की, मेहनत वाढली आणि वेग घटला. झोप उडाली, जेवणावरची वासना गेली. "चहा टाकू का रे?" एवढे विचारले तरी तो आईवर खेकसू लागला. वहिनी अगदी रडकुंडीला आल्या.

मीही चाळीस वर्षे सायकल मारलेली. त्याला म्हटले, "उठल्याबरोबर अंथरुणातच नाडी मोज." मनगटावरच्या घड्याळात जुने आकडे होतेच. नाडी नेहमीपेक्षा दहा ठोके जास्त निघाली.

"काका, ते टूर द फ्रान्सवाले तीन आठवडे पळवतात की!"

"पळवतात, पण २१ टप्प्यांत दोन दिवस सुट्टी घेऊन. १९०३ सालच्या पहिल्या शर्यतीत तर १९ दिवसांत सहाच टप्पे होते. मधले दिवस विश्रांतीचे!"

खरी गोष्ट अशी की, सायकल चालवताना शरीर झिजते. स्नायूंना बारीक इजा होते, त्यांत साठलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, संपत येते. हे सारे भरून निघते ते नंतर, जेवणाने आणि झोपेने. लांबच्या रपेटीनंतर पोटभर भातपोळी खाल्ली तरी त्याला एक दिवस सहज लागतो. त्याआधीच पुन्हा चढ चढणे म्हणजे पगार हाती येण्यापूर्वीच उधारी वाढवणे. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. माणसाने स्वतःला तेवढी तरी सवलत द्यावी!

आता सोमवारी पूर्ण सुट्टी. गुरुवारी फक्त मंडईपर्यंत, तेही रमतगमत. पाय मोकळे होतात आणि वहिनींना ताजी भाजी मिळते. उतार पडला नसता तर डॉक्टरांकडे नेणारच होतो. पण तीन आठवड्यांत नाडी पूर्वपदावर आली. परवा तर स्वारीने आईला स्वतः चहा करून दिला. सिंहगडाच्या वाटेवर वेग किती वाढला, हे वहिनींनी अजून विचारलेले नाही.